गोधडीकाम

गोधडीकाम म्हणजे जुन्या कापडाचे थर एकमेकांवर रचून, ते धावदोऱ्याने एकत्र शिवून अंथरूण किंवा पांघरूण तयार करण्याचे घरगुती काम होय. महाराष्ट्राच्या काही भागांत गोधडीला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान व मऊ गोधडीला दुपटे असे नाव आहे. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया शिवतात ती कवंद हे याच प्रकारचे काम आहे. रजईत पिंजलेला कापूस भरतात, तर गोधडीत कापडाचेच थर असतात. हा दोहोंतील मुख्य फरक होय.

मराठी घरांत या कामासाठी स्वतंत्र खोली क्वचितच असते. त्यामुळे गोधडी किती टिकेल हे टाक्यांइतकेच दोन गोष्टींवर अवलंबून असते: कापड कसे साठवले आणि ते पूर्ण पसरण्याइतकी जागा कशी मिळवली.

कापडाची निवड व साठवण

जुनी लुगडी, साड्या, धोतरे, सदरे व चादरी वर्षभर गाठोड्यात जमा होतात. सर्व कापड एकाच बोचक्यात कोंबल्यास विरलेले व धड कापड मिसळते; विरलेला तुकडा वरच्या थरात गेल्यास गोधडी लवकर फाटते. म्हणून कापडाचे तीन भाग करणे सोयीचे ठरते. वरच्या व खालच्या थरासाठी धड आणि लांबरुंद कापड, आतल्या थरांसाठी विरलेले कापड, आणि ठिगळे व काठ यांसाठी रंगीत तुकडे. प्रत्येक भाग जुन्या उशीच्या अभ्र्यात वेगळा बांधून ठेवल्यास फडताळातील एक कप्पाही पुरतो.

साठवण्यापूर्वी कापड धुऊन कडक उन्हात वाळवतात. गुंड्या, हूक व चेन काढून डब्यात ठेवतात. गडद कापड रंग सोडते का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहतात. धागा सुती आहे की कृत्रिम, हे ओळखण्यासाठी त्याचे टोक चिमट्यात धरून जाळतात. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. कृत्रिम कापड घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून अंगाला चिकटते, म्हणून दुपट्यासाठी केवळ सुती कापड घेतात.

जागा

एका माणसाच्या गोधडीचे माप साधारण ५ फूट रुंद व ७ फूट लांब असते. चारही बाजूंना बसण्यासाठी दोन-दोन फूट जागा सोडल्यास ९ × ११ फुटांची मोकळी जमीन लागते. वाड्यात किंवा कौलारू घरात ही सोय ओटी, पडवी वा सोप्यावर होत असे. शेतीची कामे उरकल्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वीचे उन्हाळ्याचे दिवस या कामासाठी सोयीचे असतात, कारण तेव्हा दुपारी सवड असते आणि हवा कोरडी असते. शेणाने सारवलेली जमीन पूर्ण वाळल्याखेरीज तिच्यावर कापड पसरत नाहीत.

शहरातील लहान घरात बैठकीच्या खोलीतील सामान हलवून किंवा इमारतीच्या गच्चीवर थर रचता येतात. पूर्ण जागा फक्त थर रचून कच्चे टाके घालेपर्यंतच लागते. त्यानंतर गोधडीची गुंडाळी करून, एकेक बाजू उलगडत, ती चटईएवढ्या जागेतही शिवता येते. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या डाव्या अंगाला खिडकी असल्यास टाक्यावर हाताची सावली पडत नाही.

थर रचण्याचा क्रम

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येक भाग दोन मीटरहून थोडा लांब होतो. दोन-दोन भाग रुंदीत जोडले की एकाच लुगड्यातून वरचा व खालचा असे दोन्ही थर निघतात.

खालचा थर उलटा पसरून त्याच्या कोपऱ्यांवर वजन ठेवतात. आतले तुकडे कडेला कड भिडवून मांडतात; ते एकमेकांवर चढल्यास तेथे उंचवटा येऊन अंगाला टोचतो. वरचा थर सुलटा घालून, मध्यापासून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढतात आणि लांब कच्चे टाके घालतात. त्यानंतर कडा आत दुमडून, पक्का धावदोरा कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशा ओळींनी किंवा सरळ समांतर ओळींनी घालतात. ओळी बोट-दोन बोटे अंतरावर असतात. अनेक स्त्रिया चार बाजूंना बसून एकच गोधडी शिवत. या बैठकीतच मुली टाका शिकत आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे त्यांना कळत असे.

साधने व शिवणयंत्र

हातकामासाठी लांब सुई, जाड सुती दोरा, अंगुस्तान, कात्री व मोजपट्टी एवढी साधने पुरतात. पायमशीन वा विजेच्या मशीनवर जाड थर शिवताना १०० क्रमांकाची सुई वापरतात; हा क्रमांक सुईची ०.९० मिलिमीटरऐवजी १.०० मिलिमीटर जाडी दर्शवतो. पातळ थरांसाठी ९० क्रमांकाची सुई पुरते. गोधडीचा मोठा भाग सुईच्या डाव्या बाजूस राहतो व शिवलेला भाग मागे सरकतो. म्हणून मशीनच्या डावीकडे व मागे टेबलाचा आधार ठेवतात. तो नसल्यास गोधडीच्या वजनाने कापड खाली ओढले जाऊन टाके वाकडे पडतात. मशीनवर पहिली ओळ मध्यावर घालून कडेकडे जातात. तसे केल्याने सुटे कापड मध्ये गोळा होत नाही.

सुरक्षितता व निगा

काम सुरू करताना व थांबवताना सुया व टाचण्या मोजणे आवश्यक आहे. थरांत राहिलेली सुई हाताला लागत नाही, पण झोपलेल्या माणसाला इजा करू शकते. जमिनीवर फार वेळ वाकून बसल्यास कंबर व मान दुखतात, म्हणून मधून मधून उठावे लागते.

कपड्यांतील कीड टाळण्यासाठी वेखंड किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत आहे. नॅप्थालिनच्या डांबरगोळ्या मात्र तान्ह्या मुलांच्या दुपट्यात ठेवणे धोक्याचे आहे. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी नॅप्थालिनच्या संपर्काने फुटू शकतात आणि त्याला तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाहेरून दिसत नाही, त्यामुळे हा नियम सर्वच बाळांसाठी पाळणे इष्ट ठरते.

ओली गोधडी फार जड होते आणि आतून उशिरा वाळते. अर्धवट वाळलेली गोधडी घडी करून ठेवल्यास तिला बुरशी लागते. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व गोधड्या धुण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील प्रथा पावसाळ्यातील दमट अंथरुणांच्या स्वच्छतेला उपयुक्त ठरते. वरचा थर विरल्यास गोधडी टाकून देत नाहीत. तिच्यावर नवे जुनेर घालून ती पुन्हा शिवतात, आणि पहिली गोधडी दुसरीच्या आतला थर होते.