आदेशाची प्रत जवळ ठेवा

पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन कक्षात माझ्यासमोर बसलेली बाई बहुतेक वेळा हेच विचारते, "मॅडम, साहेब त्याला नुसता दम देतील ना?" नवरा तुरुंगात जावा असं तिला वाटत नसतं, फक्त मार थांबायला हवा असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्यासाठीच आहे.

एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद लिहून, "घरचं घरात मिटवा" म्हणत बाईला परत पाठवलेलं पाहिलं की माझा जीव तुटतो. संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील कुठे मिळेल, छळाचा गुन्हा वेगळा नोंदवता येतो का, हे तिला सांगणं कलम ५ नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे.

संरक्षण अधिकारी अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. निकड असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश निघतो: मारू नकोस, तिच्या कामाच्या जागी जाऊ नकोस, घराबाहेर काढू नकोस. जवळच्या पोलीस ठाण्याने तिला संरक्षण द्यावं, असंही न्यायालय बजावू शकतं.

खरी ताकद पुढे आहे. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत मोफत मिळते, ठाण्यालाही जाते. तरी मी प्रत्येकीला सांगते, एक प्रत पर्समध्ये, एक विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा. तो दारात आला की वाद घालू नका, आधी ११२ लावा.