गंधर्वांचे रूप, नटाची परीक्षा

कलावंताचे चरित्र पडद्यावर उभे करणे, हे तरुण नटासाठी मोठे धाडस असते. राजा-महाराजांना आज कोणी पाहिलेले नसते. कलावंताचा आवाज मात्र ध्वनिमुद्रिकांतून आणि आठवणींतून घरोघरी जिवंत असतो. ६ मे २०११ रोजी प्रदर्शित झालेल्या 'बालगंधर्व' या चित्रपटात सुबोध भावे यांनी पस्तिशीत हे आव्हान स्वीकारले. दिग्दर्शन रवी जाधव यांचे, तर निर्मिती नितीन चंद्रकांत देसाई यांची होती.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील स्त्री-भूमिकांचे सम्राट. त्यामुळे ही भूमिका दुहेरी होती. रंगमंचावर शालू नेसलेली रुक्मिणी किंवा सिंधू दिसली पाहिजे आणि रंगपटात परतताच संसार व मंडळीचा भार वाहणारे नारायणराव दिसले पाहिजेत. पहिल्यात किंचित अतिरेक झाला तरी त्याचे विडंबन होते. दुसऱ्यात कसर राहिली तर माणूसच हरवतो. गायन आनंद भाटे यांचे असल्याने परक्या स्वराची प्रत्येक हरकत स्वतःच्या श्वासातून उमटल्यासारखी दाखवणे, ही आणखी एक कसोटी. भाटे यांना पार्श्वगायनाचा, विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचा आणि नीता लुल्ला यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नटाचे यश किती हातांवर उभे असते, याची ही साक्ष होय.

व्यापारी कुटुंबांना या चरित्रातील आणखी एक धागा जवळचा वाटेल. १९१३ मध्ये गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. प्रेक्षकांना उत्तमच द्यायचे, म्हणून भरजरी वस्त्रे, अत्तरे आणि नेपथ्य यांवर त्यांनी हात राखून खर्च केला नाही. भागीदार दूर झाले, मंडळी कर्जात बुडाली. तरी नादारी पत्करण्याऐवजी त्यांनी प्रयोगांमागून प्रयोग करून देणी फेडली. कलेचा हिशेब खतावणीत बसत नाही, हे खरे. पण घेतलेला पैसा परत करण्याची निष्ठा दुकानदार आणि कलावंत यांना सारखीच शोभते. त्याच वेळी हेही नमूद केले पाहिजे, की उत्पन्नाकडे न पाहता होणारा खर्च पुढे त्यांना पुन्हा अडचणीत घेऊन गेला.

चरित्रपटातील खरी परीक्षा येथेच आहे. केवळ गौरव दाखविला, तर ती आरती होते. केवळ उणिवा मांडल्या, तर तो पंचनामा होतो. टाळ्यांच्या कडकडाटातील गंधर्व आणि वैभव ओसरल्यानंतरचे नारायणराव, हे दोघेही एकाच देहातून दाखवावे लागतात. सुबोध भावे यांनी पुढे 'लोकमान्य' आणि डॉ. काशिनाथ घाणेकर याही व्यक्तिरेखा साकारल्या. परंतु त्या वाटेचा पाया या चित्रपटाने घातला.

घरातील लहानथोरांनी एकत्र बसून हा चित्रपट अवश्य पाहावा आणि नंतर आजी-आजोबांना त्या काळाविषयी विचारावे. पडद्यावर न मावलेले बरेच काही त्यांच्या बोलण्यातून हाती लागेल.