पोटफुगी रोजचीच झाली तर? अंडाशयाचा कर्करोग समजून घेताना

डहाणू-तलासरीत आशा सेविका घरोघरी जाऊन तिशीपुढच्या बायकांची आरोग्याची चौकशी करतात. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते. अंडाशयाचा कर्करोग त्यात नाही, कारण काहीही त्रास नसताना तो हेरून जीव वाचवणारी चाचणी अजून जगात कुठेच सिद्ध झालेली नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०२१ मध्ये आले. दरवर्षी तपासणी करूनही या कर्करोगाचे मृत्यू घटले नव्हते. म्हणून लक्षणांकडे लक्ष देणे महत्त्वाचे.

‘पिशवी काढली’, मग धोका संपला?

नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. पिशवी काढताना ती अनेकदा तशीच ठेवतात. गर्भाशयमुखाची तपासणी चांगली आली, तरी त्यातून अंडाशयाचे काही कळत नाही.

लक्षणे कोणती?

पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे. असा त्रास कुणालाही होतो. पण तो नव्यानेच सुरू झाला असेल आणि महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर गॅसच्या गोळ्यांवर थांबू नये. पन्नाशीनंतर, किंवा आई-बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास अधिक जपावे.

तपासणी कशी होते?

सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी करतात. पोटाच्या टीबीतही पोटात पाणी होते आणि सीए-१२५ वाढते. त्यामुळे एका रिपोर्टवरून कर्करोग किंवा टीबी ठरवता येत नाही. नमुना तपासूनच निदान पक्के होते. तो कसा घ्यायचा, हे कर्करोगतज्ज्ञाने ठरवावे.

जायचे कुठे?

सुरुवात डहाणूच्या उपजिल्हा किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. संशय असल्यास परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जावे लागते. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी हे मुख्य उपचार आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

डॉक्टरांना नुसते ‘गॅस होतो’ असे न सांगता त्रास कधीपासून आणि महिन्यातून किती दिवस होतो, ते सांगावे. पुढची तपासणी त्यावरूनच ठरते.