किडनीच्या गाठीला किरणांचं ‘पार्सल’

किमो माहीत आहे, रेडिएशन माहीत आहे. पण गाठीचा पत्ता शोधून तिथेच किरणं पोचवणारं औषध? ऐकायला एकदम फिल्मी वाटतं ना! शिरूरच्या एका मित्राला मात्र त्यात शेवटची आशा दिसत होती. रांजणगाव एमआयडीसीत त्याची नोकरी. वडिलांची एक किडनी काढलेली, आता फुप्फुसात गाठी. ‘घोडकाठची दोन एकर विकतो, पण ते औषध मिळेल का, एवढं शोधून दे,’ तो म्हणाला.

मग मी शोधाशोध केली. किडनीच्या ‘क्लिअर सेल’ कॅन्सरमध्ये बहुतेक पेशींवर ‘सीए-९’ नावाचं प्रोटीन असतं, निरोगी किडनीत ते नसतं. त्याला चिकटणारी अँटिबॉडी म्हणजे गिरेन्टक्सिमॅब. तिच्या पाठीवर ल्युटेशियम-१७७ बसवायचं, की पार्सल तयार! याची किरणं शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. हे ल्युटेशियम आपल्याकडेही बनतं, ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत. इतर काही कॅन्सरसाठी ते वापरलंही जातं.

मग अडतंय कुठे? नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या डॉक्टरांनी २०१६ साली १४ पेशंटांचे निष्कर्ष छापले. आठ जणांचा आजार काही काळ थांबला, एकाच्या गाठी लहान झाल्या. पण अँटिबॉडी रक्तात बरेच दिवस फिरते, त्यामुळे अस्थिमज्जेलाही मार बसतो. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी इतक्या घसरल्या, की काहींना पुढचे डोस देता आले नाहीत. हीच अँटिबॉडी झिर्कोनियम-८९ लावून स्कॅनसाठी वापरली, तेव्हा मात्र ती चमकली. २०२४ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत तिने क्लिअर सेलच्या दर १०० गाठींपैकी सुमारे ८६ अचूक ओळखल्या.

थोडक्यात, स्कॅनचं काम जमलंय, उपचार अजून चाचणीतच आहे. म्हणून जमिनीचा सौदा करण्याआधी कॅन्सरतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा. बायोप्सीत ‘क्लिअर सेल’ लिहिलंय का? इम्युनोथेरपी आणि गोळ्यांचे नेहमीचे पर्याय वापरून झालेत का? आणि कुणी ‘नवं औषध’ देऊ करत असेल, तर त्या चाचणीची नोंद सीटीआरआयच्या सरकारी यादीत आहे का? ही यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते.

मित्राचा दुसरा प्रश्नच अजून विचारायचा राहिला होता. वडिलांच्या गोळ्या आता सुरू झाल्यात, सौदा थांबलाय.

आणि हो, लघवीतून रक्त गेलं आणि दुखत काहीच नसलं, तरी ‘उष्णता झालीये’ म्हणून सब्जाचं पाणी पीत बसू नका. सोनोग्राफी शिरूरलाही होते, दौंडलाही. गाठ किडनीपुरतीच असेल, तर बऱ्याचदा एका ऑपरेशनमध्ये काम भागतं!