मेल अडला कुठे?

सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावत्या दर महिन्याला सभासदांना मेलने जाव्यात, म्हणून सेक्रेटरींच्या मुलाने पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, असं समजा. घरच्या लॅपटॉपवर ती बिनबोभाट चालली. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चढवली आणि उत्तर आलं, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. अशा वेळी बरेच जण आधी पासवर्ड बदलतात. ती मेहनत पाण्यात जाते, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत मजल गेलेलीच नसते.

स्क्रिप्ट आधी मेल सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधते, मग ठरलेल्या पोर्टवर संपर्क साधते, टीएलएसने बोलणं गुप्त करून घेते आणि त्यानंतर लॉगिन करते. गाडं कुठे अडलं हे बहुधा एररमध्येच लिहिलेलं असतं. 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' म्हणजे नावच सापडलं नाही. टायपिंग तपासा, नाहीतर डीएनएस. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुतेकदा पलीकडचं यंत्र सुरू आहे, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. डॉकरमध्ये सर्व्हरच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहिणाऱ्यांना ही एरर हमखास भेटते, कारण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. 'टाइम्ड आउट'ची जातच वेगळी. होकार नाही, नकारही नाही; निरोप वाटेत कुणीतरी गिळला, बहुधा फायरवॉलने.

सेक्रेटरींच्या सर्व्हरवर हेच झालं. स्क्रिप्टमध्ये पोर्ट २५ होतं, आणि स्पॅमवाल्यांच्या उच्छादामुळे ॲमेझॉन व गूगलसारखे क्लाउडवाले बाहेर जाणारं २५ सहसा बंदच ठेवतात. ते पोर्ट मेल सर्व्हरांनी आपापसांत वापरायचं. आपल्यासाठी ५८७ आणि ४६५.

खरा घोळ या दोघांत होतो. एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हा गुप्ततेची सोय त्यात नव्हती. ती मागाहून आली. म्हणून ५८७ वर बोलणं साध्या मजकुरात सुरू होतं आणि 'स्टार्टटीएलएस' म्हटल्यावर गुप्त होतं. ४६५ वर मात्र पहिल्या बाइटपासून टीएलएस. पायथॉनमध्ये ५८७ साठी 'एसएमटीपी' हा क्लास, ४६५ साठी 'एसएमटीपी_एसएसएल'.

अदलाबदल झाली की काय होतं पाहा. ४६५ वर साधा 'एसएमटीपी' लावला, तर स्क्रिप्ट सर्व्हरच्या '२२०' या स्वागताची वाट बघते आणि सर्व्हर स्क्रिप्टच्या टीएलएस संदेशाची. दोघंही गप्प. टाइमआउट दिलेला नसेल तर स्क्रिप्ट नुसती लटकून राहते. उलट, ५८७ वर 'एसएमटीपी_एसएसएल' लावला, तर सर्व्हर साध्या अक्षरांत '२२०' म्हणतो, टीएलएसची लायब्ररी त्याच अक्षरांत आवृत्तीचा आकडा वाचायला जाते आणि 'राँग व्हर्जन नंबर' म्हणून ओरडते. मग लोक ती लायब्ररी, म्हणजे ओपनएसएसएल, अपडेट करत बसतात. बिचाऱ्या ओपनएसएसएलचा काही दोष नसतो. पोर्ट आणि क्लास जुळत नसतात. इतकी दिशाभूल करणारी एरर दुसरी क्वचितच असेल.

'५३५' दिसला तर मात्र खुशाल समाधान माना: संपर्क झाला, अडलं ते लॉगिनवर. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना ३० मे २०२२ पासून स्क्रिप्टमधून नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

तपासणी स्क्रिप्ट जिथे अडते त्याच यंत्रावरून करा. घरच्या लॅपटॉपवरून पोर्ट उघडं दिसलं, तर त्यावरून क्लाउड सर्व्हरबद्दल काहीच कळत नाही. पायथॉनमध्ये 'सेट_डीबगलेव्हल(१)' लिहिलं की सर्व्हरशी झालेला सगळा संवाद पडद्यावर उमटतो. मदत मागताना 'मेल जात नाही' एवढंच सांगू नका. तो संवाद, पोर्ट आणि एररची पूर्ण ओळ द्या. फक्त 'ऑथ'पासूनच्या लॉगिनच्या ओळी आधी खोडा. तिथली अगम्य अक्षरं म्हणजे बहुधा बेस६४ मध्ये लिहिलेला तुमचा पासवर्ड असतो, आणि तो कुणालाही क्षणात वाचता येतो.