लस, छातीतली धडधड आणि दहा सेकंदांचा कागद

करोनाच्या लसीकरणाला आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत ‘लस घेतल्यापासून छातीत धडधडतं’ ही तक्रार आमच्या नगर जिल्ह्यात मीही अनेकदा ऐकली. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना अजून ‘नगर’च तोंडात येते.) तक्रार करणाऱ्याला दोन उत्तरे मिळत. शेजारी म्हणत, ‘लसीमुळेच झालं.’ दवाखान्यात सांगत, ‘ईसीजी नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका.’ मौज अशी की, दोन्ही उत्तरे सारख्याच खात्रीने दिली जात आणि दोन्हींमागचा पुरावा बहुधा सारखाच तोकडा असे. हा पुरावा तोकडा का राहतो, हे समजण्यासाठी आधी हृदयाची लय म्हणजे काय ते पाहू.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला साइनस नोड म्हणतात. तेथे ठरावीक काळाने विजेचा सूक्ष्म स्पंद निर्माण होतो, तो हृदयभर पसरतो आणि स्नायू आकुंचन पावतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसात हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडते. ७२ हा आकडा धरला तर दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. साइनस नोड स्वतःच्या तालाने चालत असला तरी त्याला दोन मज्जातंतूंचे लगाम असतात. एक लगाम वेग वाढवतो, दुसरा, व्हेगस नावाचा, तो कमी करतो. भीती, ताप, पाण्याची कमतरता, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, जास्त चहा, यांपैकी कशानेही वेग वाढतो. तापाचा हिशोब तर शिक्षकांना सहज पडताळता येईल. शरीराचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की मिनिटाला साधारण दहा ठोके वाढतात. लस घेतलेल्या रात्री ताप येऊन नाडी १०० च्या वर गेली, तर लय बिघडली असे म्हणता येणार नाही. लय तीच आहे, फक्त जलद झाली आहे.

खऱ्या लयदोषात विजेचा स्पंद भलत्याच ठिकाणी सुरू होतो किंवा भलत्या वाटेने फिरत राहतो. अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडणे हा त्याचा सर्वांत साधा प्रकार असून तो निरोगी माणसांतही आढळतो. दुसऱ्या एका प्रकारात नाडी बसल्या जागी एकदम १५० ते २०० वर जाते आणि काही मिनिटांनी, बटण बंद करावे तशी, पूर्ववत होते. आणखी एका प्रकारात वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि नाडीला कसलाच ताल उरत नाही.

हे सारे ओळखायचे साधन म्हणजे ईसीजी. हृदयातील विजेची चढउतार कागदावर उमटवण्याची पद्धत विकसित केल्याबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या गावीही हे यंत्र असते. पण ते साधारण दहा सेकंदांचीच नोंद करते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एक लाख ठोक्यांपैकी बारा ठोके आपण पाहिले. ते बारा ठोके नॉर्मल निघाले याचा अर्थ एवढाच की, त्या दहा सेकंदांत लय नॉर्मल होती. शाळेत तपासणीसाला दहा सेकंदांत एकही मूल बोलताना दिसले नाही, म्हणून वर्ग दिवसभर गप्प होता असे आपण म्हणत नाही!

आता एक उदाहरण कल्पू. पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बाईंना लसीनंतर तिसऱ्या दिवशी रात्री नऊला धडधड सुरू झाली, घाम आला आणि वीस मिनिटांनी सारे थांबले. सकाळी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. तेथून ग्रामीण रुग्णालयात आणि मग नगरला. ईसीजी निघाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कागद स्वच्छ! पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच. तिसऱ्या खेपेला घरचेही म्हणू लागले, ‘कशाला पैसे घालवता?’ आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगराळ भागातून नगर गाठायला शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. वीस मिनिटांचा झटका इतका वेळ थांबत नाही. रोग्याचे म्हणणे खोटे नसते आणि डॉक्टरांचा कागदही खोटा नसतो. दोहोंच्या वेळा जुळत नाहीत इतकेच.

‘मनावर घेऊ नका’ या सल्ल्याची किंमत किती असते, हे एका अभ्यासावरून कळते. हा अभ्यास करोनाच्या बराच आधीचा, १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला आहे. अचानक सुरू होऊन अचानक थांबणाऱ्या जलद लयीचे निदान झालेल्या १०७ रुग्णांचा पूर्वेतिहास त्यात तपासला होता. निम्म्याहून अधिक रुग्णांचा दोष पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता आणि खरे निदान व्हायला त्यांना साधारण तीन वर्षांहून जास्त काळ लागला होता. त्यांतल्या अनेकांना भीती, चिंता, ताण अशी कारणे सांगितली गेली होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. चिंतेने धडधड होते हे खरेच आहे. पण धडधडीने चिंता वाटते हेही तितकेच खरे आहे, आणि आधी काय झाले ते केवळ चेहरा पाहून ठरत नाही.

यावर उपाय म्हणजे नोंदीचा काळ वाढवणे. चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ ईसीजी टिपणाऱ्या छोट्या यंत्राला नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाचे नाव आहे. त्यांचे पहिले यंत्र सुमारे ३८ किलोचे होते आणि ते पाठीवर वाहून न्यावे लागे. आजचे यंत्र खिशात मावते. मात्र त्यासाठी बहुधा शहर गाठावे लागते आणि झटका महिन्यातून एकदाच येत असेल तर चोवीस तासही अपुरे पडतात.

धडधडीचा आणखी एक प्रकार आहे, त्यात मोठे यंत्र लागतच नाही. काही जणांची नाडी आडवे असताना ठीक असते, पण उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ती ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढते आणि तशीच राहते. किशोरवयीन मुलांत ही मर्यादा ४० ठोक्यांची धरतात. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. याला थोडक्यात ‘पॉट्स’ म्हणतात. मोठ्या आजारानंतर, विशेषतः विषाणूच्या संसर्गानंतर, तो दिसतो. रोग्याला झोपवून ईसीजी काढला की तो नॉर्मल येतो, कारण त्रास उभे राहिल्यावरच होतो! लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०२२ साली सुमारे २ लाख ८४ हजार लस घेतलेल्यांच्या नोंदी तपासल्या. लसीच्या आधीच्या ९० दिवसांपेक्षा नंतरच्या ९० दिवसांत या विकाराची निदाने काहीशी वाढलेली दिसली. करोनाच्या आजारानंतर मात्र हा धोका लसीनंतरच्या सुमारे पाचपट होता.

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येतो. ‘लसीनंतर’ झाले ते ‘लसीमुळे’ झाले का? सोयीसाठी असे धरू की, एखादा लयदोष लाखात ३६५ माणसांना दरवर्षी नव्याने होतो. म्हणजे रोज एकाला. मग एका लाख माणसांना कोणतेही इंजेक्शन, अगदी नुसत्या पाण्याचेसुद्धा, दिले तरी पुढच्या आठवड्यात सात जणांना तो दोष होणारच. त्या सातही जणांना शपथेवर वाटेल की इंजेक्शनमुळेच झाले. लसीचा दोष सिद्ध व्हायचा तर सातऐवजी बारा, पंधरा, वीस असे काही दिसले पाहिजे. एका माणसाकडे पाहून हे ठरत नाही, मोजणीच करावी लागते.

अशी एक मोठी मोजणी इंग्लंडमध्ये झाली आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ वर्षांवरील ३ कोटी ८६ लाख लस घेतलेले लोक त्यात होते. तिची पद्धत वर्गात सांगण्याजोगी आहे. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येकाच्या लसीनंतरच्या २८ दिवसांची तुलना त्याच्याच इतर दिवसांशी केली. त्यामुळे वय, लिंग, व्यसन, आनुवंशिकता हे सारे फरक आपोआप वगळले गेले. यात ऑक्सफर्डची लसही होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशिल्ड या नावाने बनवली ती हीच, आणि भारतात दिलेल्या डोसांपैकी बहुतेक तिचेच. या लसीनंतर लयदोष वाढलेले आढळले नाहीत. मॉडर्ना लसीच्या दुसऱ्या डोसनंतर मात्र ते वाढले होते. हृदयाच्या स्नायूंचा दाह, म्हणजे मायोकार्डायटिस, ऑक्सफर्डच्या पहिल्या डोसनंतर दहा लाखांत सुमारे दोघांना जादा झाला. करोनाची लागण झाल्यावर तोच आकडा सुमारे ४० होता. हा दाह लयही बिघडवू शकतो, म्हणून तो महत्त्वाचा.

मायोकार्डायटिसची शंका प्रथम २०२१ च्या वसंतात इस्राएलमध्ये आली. फायझर व मॉडर्ना या एमआरएनए लसींच्या दुसऱ्या डोसनंतर, बहुधा आठवड्याच्या आत, तरुण मुलांच्या छातीत दुखू लागे. अमेरिकेतल्या नोंदींत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर १६-१७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण दहा लाख डोसांमागे सुमारे १०६ निघाले. बहुतेक मुले बरी झाली. या दोन्ही लसी आपल्या मोहिमेत वापरल्या गेल्या नाहीत, तेव्हा तिकडचा आकडा उचलून इकडे चिकटवणे बरोबर नाही. पण तो दुष्परिणाम उजेडात आला तो नाकारून नव्हे. छातीत दुखते म्हणणाऱ्या मुलाचा ईसीजी आणि रक्तातले ट्रोपोनिन कोणीतरी त्याच वेळी तपासले, त्याची नोंद केली आणि ती नोंद वर पाठवली.

इंग्लंडच्या आकड्यांचीही मर्यादा आहे. त्यात रुग्णालयात दाखल झालेले किंवा मृत्यू पावलेले रुग्णच मोजले होते. आपल्या पाथर्डीच्या बाई दाखल कधी झाल्याच नाहीत. त्या इंग्लंडमध्ये असत्या तरी त्या मोजणीत आल्या नसत्या. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला आणि लसीने असा मृत्यू येण्याचा धोका वाढत नाही, असे २०२३ साली दाखवले. हा मोठाच दिलासा आहे. पण तो मृत्यूंचा अभ्यास होता, धडधडीचा नव्हे.

लसीनंतरच्या त्रासाची चौकशी करण्याची व्यवस्था देशात आहे. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याकडे, तेथून राज्याकडे व केंद्राकडे गंभीर घटना कळवल्या जातात आणि समिती कारण ठरवते. निष्कर्ष चार प्रकारचे असतात : लसीशी वा लसीकरणाशी सुसंगत, अनिश्चित, योगायोग आणि चौथा, ‘वर्गीकरण अशक्य’. पुरेशी माहितीच नसेल तर प्रकरण या चौथ्या खणात जाते. ज्या वेळी त्रास झाला त्या वेळचा ईसीजी नाही, नाडी कोणी मोजली नाही, रक्त तपासले नाही, मग समितीत कितीही विद्वान बसले तरी काय करणार? आणि त्रास ‘सौम्य’ म्हणून गणला गेला, तर इतकी सविस्तर चौकशी होतच नाही. ही व्यवस्थेतली खरी उणीव आहे, असे माझे मत आहे.

नोंदीचे मोल जुनेच आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी, मुंबईत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत बनलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पुढे पुरावा पुन्हा तपासला गेला तेव्हा दिसले की, सारे मृत एकाच बाटलीतून टोचलेले होते आणि बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. बाटली कोणती आणि ती उघडताना काय घडले, हे कळले नसते तर लसच कायमची दोषी ठरली असती.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात, लसीनंतरचा त्रास व्यक्तींना आणि खासगी डॉक्टरांनाही सार्वजनिक मंचावर नोंदवता यावा, असे केंद्र सरकारला सांगितले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही आहे. तेथे रुग्ण स्वतः कळवू शकतो.

घरी काय करता येईल? धडधड सुरू होताच घड्याळ पाहून मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ताल अनियमित असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते. वेळ, ठोके, ताल, सुरुवात एकदम झाली की हळूहळू, आणि शेवट कसा झाला, हे वहीत लिहावे. मोबाइलवर दृश्य टिपले तरी चालेल. सोबत छातीत दुखणे, दम लागणे किंवा शुद्ध हरपणे असेल तर वही बाजूला ठेवून तडक जवळचे रुग्णालय गाठावे आणि धडधड चालू असतानाच ईसीजी काढायला सांगावे. ईसीजीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असल्याने काही वर्षांत फिका पडतो. त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

शिक्षकांशी याचा थेट संबंध येतो तो १० आणि १६ वर्षांच्या मुलांना धनुर्वात-घटसर्पाची लस शाळेत टोचली जाते तेव्हा. एक मुलगी चक्कर येऊन पडते, मग दुसरी, मग तिसरी. हा बहुधा व्हेगसचा खेळ असतो. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंद होते. आडवे करून पाय उंच केले की मूल काही मिनिटांत सावरते. तीव्र ॲलर्जीत याच्या उलट नाडी जलद आणि क्षीण होते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास घरघरतो. तेथे एक मिनिटही दवडून चालत नाही, परिचारिकेने तात्काळ ॲड्रेनालिन द्यावे लागते. म्हणून लस टोचल्यावर अर्धा तास मुलांना वर्गात सोडायचे नसते, आणि त्या अर्ध्या तासात ज्याला बरे वाटत नाही त्याच्या मनगटावर बोटे ठेवून मिळालेला आकडा वेळेसह परिचारिकेच्या कागदावर लिहून घ्यायचा असतो.