पटाची जोडी पारखताना
चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानकापणी आटोपल्यावर भरणाऱ्या शंकरपटात अश्व नव्हे, बैल धावतात. आणि कोणती जोडी बाजी मारील याचा अदमास बांधणारा जाणकार शिंगांच्या रंगाला न भुलता आधी खूर, खांदा आणि दात पाहतो, कारण जुळलेल्या दातांचा, ऐन उमेदीतला बैलच दाणीच्या, म्हणजे धावपट्टीच्या, अखेरपर्यंत दम राखण्याचा संभव अधिक. एक बैल तेज व दुसरा मंद असला की जू तिरपे होते, छकडा एकीकडे ओढला जातो आणि घड्याळातील मोलाचे क्षण वाया जातात; म्हणून एका असामान्य बैलापेक्षा समगती जोडीच मला भरवशाची वाटते. धुरकऱ्याचा, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचा, हात मात्र तितकाच निर्णायक. बैलांच्या शर्यतींवरील २०१४ च्या मनाईनंतर १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. तथापि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून पट भरविता येत नाही.